कडा करप्याचें औषध पेशींत कोठें लागू पडतें?

पेण व रोहें या तालुक्यांतील भातकऱ्यांस कडा करपा या रोगाची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लावणी आटोपून पीक फुटव्यावर आलें आणि श्रावण-भाद्रपदांत वाऱ्यासह पावसाच्या सरी लागोपाठ चार दिवस बसल्या, कीं पात्याच्या शेंड्याकडून कडेकडेनें एक पिवळट, नागमोडी पट्टा खालीं उतरूं लागतो. पुढें तो वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा होतो व सबंध पातें सुकतें. भल्या सकाळीं पाहिल्यास रोगट कडेवर दुधी रंगाचे बारीक थेंब दिसतात. ऊन चढलें म्हणजे तेच वाळून पिवळ्या कण्यांसारखे होतात. कोंवळ्या रोपांवर रोग आला, तर लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांतच चुडाचे चूड कोमेजून मरतात. बुरशीचा करपा व हा कडा करपा यांत घोटाळा होऊं नये म्हणून एक साधी परीक्षा आहे. रोगट पात्याचा ताजा तुकडा कांचेच्या पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत उभा धरावा; थोड्या वेळानें कापलेल्या तोंडांतून दुधासारखी धार पाण्यांत उतरूं लागली, तर रोग जिवाणूंचा आहे असें समजावें. ती धार म्हणजे लक्षावधि जिवाणूच होत.

हा रोग जपानांतील फुकुओका भागांतील शेतकऱ्यांस १८८४ सालींच दिसला होता. आपल्या देशांतील त्याची पहिली नोंद मात्र आपल्याच जिल्ह्याची आहे. १९५१ च्या सुमारास तो तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत आढळला, आणि श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल या तीन शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. कुलाबा जिल्ह्यास रायगड हें नांव १ जानेवारी १९८१ पासून मिळालें. रोग मात्र जुन्या नांवानें दप्तरीं दाखल आहे. पुढें १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली व सर्व देशाचें लक्ष तिकडे वेधलें.

वरील तिघांपैकीं तिरुमलाचार हे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधन शाखेंत होते. हा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. याच कारखान्याची स्ट्रेप्टोसायक्लिन नांवाची पुडी पुढें अनेक वर्षें आपल्या खेड्यापाड्यांतून कडा करप्यावर फवारली गेली. तींत स्ट्रेप्टोमायसिन ९० भाग व टेट्रासायक्लिन १० भाग असें मिश्रण असे. पुष्कळांची अशी समजूत झाली कीं, हें पिकास लागू पडणारें एक प्रकारचें टॉनिक आहे, व शंका आली कीं मारावी एक फवारणी. ही समजूत चुकीची आहे, एवढेंच नव्हे तर ती महाग पडणारी आहे. या औषधाचा घाव कोठें बसतो हें एकदां नीट समजलें, म्हणजे तें हातचें कां राखून ठेवावें हेंहि आपोआप समजेल. त्याकरितां पेशींतील एका कारखान्याचें काम पाहणें अवश्य आहे. विषय नवा आहे, परंतु ज्यानें आयुष्यांत एकदां तरी सात-बाराची नक्कल काढली आहे, त्यास तो अवघड वाटूं नये.

मूळ दप्तर आणि नक्कल

तालुका कचेरींतील रेकॉर्ड-रूमचा एक नियम असे: मूळ दप्तर बाहेर जावयाचें नाहीं. ज्यास जें पान हवें असेल त्यानें त्याची नक्कल घ्यावी व कामकाज नकलेवर चालवावें. सजीवाच्या पेशींतील व्यवहार अगदीं असाच आहे. भाताच्या पेशींत केंद्रक असतें. त्यांत डीएनए नांवाचें मूळ दप्तर जपून ठेविलेलें असतें. रोपाची उंची किती, लोंबी केव्हां निसवावी, दाणा बारीक कीं जाड, हें सारें त्या दप्तरांत चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेलें आहे. हें दप्तर केंद्रकाबाहेर येत नाहीं. ज्या वेळीं जें पान लागेल, त्याची नक्कल तयार होऊन बाहेर पाठविली जाते. या नकलेस शास्त्रज्ञ मेसेंजर आरएनए म्हणतात. मेसेंजर म्हणजे आपल्या जुन्या भाषेंत जासूद. या नकलेची लिपि ए, यू, जी व सी या चार अक्षरांची असते.

नकलेवर मजकूर असतो तो प्रथिन तयार करण्याचा. दाण्यांतील पौष्टिक भाग, पात्यांतील हिरवें काम करणारीं द्रव्यें, बैलाच्या मांडीचें मांस, आपल्या अंगांतील रक्त, या सर्वांत प्रथिनें आहेत. आणि प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी विशिष्ट क्रमानें ओंवलेली माळ. कोणता मणी कोणत्या मण्यामागें यावा हें नकलेवर लिहिलेलें असतें, आणि तें तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनीं. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द चौसष्ट होतात. त्यांपैकीं एकसष्ट शब्द निरनिराळ्या मण्यांचे वाचक आहेत व उरलेले तीन ‘येथें थांबावें’ असें सांगतात. ही लिपि उलगडण्याच्या कामांत पंजाबांत जन्मलेले हरगोविंद खुराना यांचा मोठा वांटा होता व त्याबद्दल १९६८ चें नोबेल पारितोषिक त्यांस दोन सहकारी शास्त्रज्ञांसह मिळालें.

शब्द तीन अक्षरांचे असून त्यांमध्यें मोकळी जागा सोडलेली नसते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. समजा, ‘भरत गवत जवळ पसर’ असा हुकूम आहे. वाचणाऱ्यानें पहिल्याच शब्दांतील ‘र’ गाळला व पुढें तीन-तीनच अक्षरें घेत गेला, तर ‘भतग वतज वळप सर’ असें वाचलें जाईल आणि सर्व हुकूम फुकट जाईल. एका अक्षराच्या चुकीनें पुढचें सबंध पान बिघडतें. म्हणून वाचणाऱ्याचें पाऊल प्रत्येक वेळीं बरोबर तीन अक्षरांचेंच पडलें पाहिजे. दोनाचें नाहीं, चाराचें नाहीं.

वाचणारा कारकून

नक्कल वाचून माळ ओंवणारा जो कारकून, त्याचें नांव रायबोसोम. तो इतका लहान कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत सुमारें चाळीस हजार रायबोसोम ओळीनें बसतील. एकेका पेशींत ते हजारोंनीं असतात. प्रत्येकाचे दोन भाग असतात, एक लहान व एक मोठा. जात्याच्या दोन दगडांप्रमाणें ते एकमेकांवर बसलेले असून त्यांच्या फटींतून नकलेची पट्टी ओंवलेली असते. लहान भागाचें काम अक्षरें वाचणें; मोठ्या भागाचें काम मणी जोडणें.

मणी आपोआप चालून येत नाहींत. ते आणून देणारे निराळे हमाल असतात, त्यांस ट्रान्स्फर आरएनए म्हणतात. प्रत्येक हमालाच्या एका टोंकास एक ठराविक मणी व दुसऱ्या टोंकास तीन अक्षरांचा बिल्ला असतो. नकलेवरील शब्दास जो बिल्ला जुळेल त्याच हमालाचा मणी स्वीकारावयाचा, बाकीच्यांस परत पाठवावयाचें. रायबोसोमांत हमालांसाठीं तीन जागा आहेत. पहिली आगमनाची, दुसरी माळ धरून बसण्याची व तिसरी निर्गमनाची.

आतां एक पाऊल कसें पडतें तें पाहूं. मधल्या जागीं एक हमाल आतांपर्यंत झालेली माळ धरून बसला आहे. आगमनाच्या जागीं नकलेवरील पुढचा शब्द उघडा आहे. निरनिराळे हमाल येऊन बिल्ला लावून पाहतात. लहान भाग जुळणी तपासतो व चुकीच्यास घालवितो. योग्य हमाल बसला कीं मोठा भाग सबंध माळ मधल्या हमालाकडून सोडवून नव्या हमालाच्या मण्यास जोडतो. म्हणजे माळ एका मण्यानें वाढली व ती आतां आगमनाच्या जागीं बसलेल्याच्या हातीं आली. यानंतर जात्याचा दगड थोडासा फिरावा त्याप्रमाणें लहान भाग मोठ्या भागावर किंचित् वळतो. तेवढ्यांत एक मदतनीस प्रथिन येऊन जोर लावतें. दोन्ही हमाल एकेक जागा पुढें सरकतात, त्यांच्या बिल्ल्यांस चिकटलेली नकलेची पट्टी बरोबर तीन अक्षरें ओढली जाते, आणि लहान भाग पुनः आपल्या जागीं येतो. रिकामा झालेला हमाल निर्गमनाच्या जागेंतून बाहेर पडतो व नवा मणी आणावयास जातो. आगमनाची जागा पुनः मोकळी होते, आणि तींत पुढचा शब्द उघडा होतो.

हें वळणें व परतणें अमेरिकेंतील योआखिम फ्रँक व राजेंद्र अग्रवाल या दोघांनीं २००० सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें घेतलेल्या चित्रांवरून दाखवून दिलें. घड्याळास किल्ली देतांना आंतील दंतचक्र एकाच दिशेनें कट्‌कट् करीत पुढें जातें व मागें सरकत नाहीं. तशाच जातीची ही चाल आहे असें त्यांनीं म्हटलें. ही चाल फुकट होत नाहीं. एकेक मणी चढविण्यास, हमालाच्या पाठीवर मणी बांधण्यापासून पाऊल टाकण्यापर्यंत, शक्तीचीं सुमारें चार नाणीं खर्च होतात. हीं नाणीं म्हणजे पेशींत सांठविलेली, सूर्यप्रकाशापासून मिळविलेली रासायनिक शक्ति होय.

दाण्याचा हिशेब

तांदळांतील मुख्य प्रथिनास ग्लुटेलिन म्हणतात. दाणा दुधांत असतांना पेशी तें झपाट्यानें बनवीत असतात. त्याची मूळ माळ सुमारें ५०० मण्यांची असते. म्हणजे नकलेवरील सुमारें १५०० अक्षरें वाचावीं लागतात व शक्तीचीं सुमारें २००० नाणीं खर्चावीं लागतात. वनस्पति व प्राणी यांच्या पेशींत रायबोसोमाची गति दर सेकंदास सुमारें पांच मण्यांची धरली जाते. त्या हिशेबानें एक माळ पुरी होण्यास दीड-दोन मिनिटें लागतील. जिवाणूंचा रायबोसोम अधिक चपळ. वाढ जोरांत असतांना तो सेकंदास पंधरा ते वीस मणी ओंवतो. इतक्या घाईंतहि चूक होते ती हजारों मण्यांत एखादी.

एका नकलेवर एकच रायबोसोम काम करतो असेंहि नाहीं. पहिला थोडा पुढें गेला कीं मागून दुसरा चढतो, त्याच्यामागें तिसरा. कापणीच्या दिवसांत खाचराच्या अरुंद बांधावरून भारे घेतलेल्या माणसांची रांग खळ्याकडे चालावी, तसे ते एकामागून एक चालतात. बांध अरुंद असल्यामुळें पुढचा अडखळला तर मागचे सर्व खोळंबतात. नकलेवरहि तसेंच घडतें. आरंभ कोठें करावा तेंहि ठरलेलें आहे. भातासारख्या वनस्पतींत रायबोसोमाचा लहान भाग नकलेच्या आरंभाच्या टोंकास चढतो व ए-यू-जी हा शब्द सांपडेपर्यंत पुढें सरकतो. तो सांपडला कीं मोठा भाग वर येऊन बसतो व वाचन सुरू होतें. शेवटीं यू-ए-ए, यू-ए-जी किंवा यू-जी-ए यांपैकीं एक शब्द आला कीं माळ सुटी होते, दोन्ही भाग विलग होतात, व कारकून पुढच्या नकलेस मोकळा होतो.

औषधाचा घाव कोठें बसतो

कडा करप्याचा जिवाणू, ज्यास झँथोमोनास ओरायझी म्हणतात, हाहि याच रीतीनें जगतो. पात्याच्या कडेवर पाणी बाहेर टाकणारीं सूक्ष्म छिद्रें असतात, त्यांतून किंवा जखमेंतून तो आंत शिरतो, शिरांमध्यें वाढतो, आणि त्या वाढीस लागणारें प्रत्येक प्रथिन त्याचे रायबोसोम त्याच्या नकला वाचून तयार करतात. मात्र त्याचा रायबोसोम भाताच्या रायबोसोमाहून लहान व घडणीनें थोडा निराळा आहे. या थोडक्या फरकावरच औषधाचें सारें काम अवलंबून आहे.

स्ट्रेप्टोमायसिन हें जिवाणूच्या रायबोसोमाच्या लहान भागांत, जेथें बिल्ल्यांची जुळणी तपासली जाते त्याच्या शेजारीं, जाऊन चिकटतें. त्यामुळें तपासणी ढिली पडते. न जुळणारा हमालहि आंत घेतला जातो, भलताच मणी माळेंत चढतो, आणि जिवाणूच्या पेशींत बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग होऊं लागतो. टेट्रासायक्लिनची तऱ्हा निराळी. तें आगमनाच्या जागेंतच आडवें बसतें. नव्या हमालास बसावयास जागा राहत नाहीं व वाचन जागच्या जागीं थांबतें. पुडींतील दोन औषधें अशा रीतीनें एकाच कारकुनावर दोन बाजूंनीं चालून जातात. एक त्याची नजर बिघडवितें, दुसरें त्याचा दरवाजा अडवितें.

हीं दोन्हीं औषधें लहान भागावर नेमकीं कोठें बसतात, याचीं चित्रें केंब्रिज येथें व्यंकटरामन् रामकृष्णन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं काढलीं. रामकृष्णन् यांचा जन्म १९५२ सालीं चिदंबरम् येथें झाला, पण बालपण व शिक्षण बडोद्यास. सयाजीराव महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या तेथील विद्यापीठाचे ते १९७१ चे पदार्थविज्ञानाचे पदवीधर. २००९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस, टॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्यासह, रायबोसोमाच्या रचनेवरील कामाबद्दल मिळालें. सयाजीरावांनीं विद्येवर केलेल्या खर्चाचें पीक अशा रीतीनें कोणत्या शेतांत उगवेल, हें त्या काळीं कोणास सांगतां आलें नसतें.

येथें एक शंका येईल. भाताचा रायबोसोम निराळा आहे, तर फवारणी कितीहि कडक केली तरी भातास अपाय नसावा. परंतु तसें नाहीं. पात्यांतील हिरवे कण, जे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात, त्यांच्यांत त्यांचे स्वतःचे रायबोसोम असतात, आणि ते घडणीनें जिवाणूंच्या रायबोसोमासारखे असतात. म्हणून स्ट्रेप्टोमायसिनची मात्रा अधिक झाली तर कोंवळीं पानें फिकट पडतात. ज्यास टॉनिक समजून दुप्पट मारावें, तें रोपाच्या चुलीवरच पाणी ओततें. बुरशीच्या करप्यावर तर या जोडीचा उपयोग नाहीं, कारण बुरशीचा रायबोसोम जिवाणूसारखा नसून वनस्पति-प्राण्यांच्या जातीचा आहे. रोग ओळखल्यावांचून केलेली फवारणी म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर भरलेला सारा.

एका अक्षराचा फेरफार

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्ट्रेप्टोमायसिन जेथें चिकटतें, तेथें रायबोसोमाचें एक प्रथिन आहे. त्या प्रथिनाच्या माळेंत ४३ व्या जागीं लायसिन नांवाचा मणी असतो. क्षयाच्या जिवाणूंत त्याचा शब्द ए-ए-जी असा आहे. दप्तराची प्रत उतरतांना कधीं काळीं मधल्या ‘ए’ च्या जागीं ‘जी’ पडला, तर शब्द ए-जी-जी होतो व लायसिनच्या ऐवजीं आर्जिनिन हा मणी येतो. एवढ्या एका अक्षरानें रायबोसोमाची घडण किंचित् बदलते. तो वाचन पूर्वीप्रमाणेंच करतो, पण औषधाची पकड त्यावर बसत नाहीं.

असा फेरफार फार विरळा घडतो हें खरें. परंतु एका रोगट खाचरांत जिवाणू अब्जावधि असतात, तेव्हां विरळा फेरफार कोठें ना कोठें घडणारच. औषध नसेल तेव्हां त्या एकास कांहीं विशेष लाभ नसतो. फवारणी झाली कीं इतर सर्व मरतात व सबंध शेत त्या एकट्याच्या वंशास मोकळें मिळतें. जितक्या वेळां फवारावें, तितक्या वेळां आपण त्याच्याच नांवें फेरफार मंजूर करीत असतों. ही केवळ भीति नव्हे. कॅलिफोर्नियांतील नासपतीच्या बागांत जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन वर्षानुवर्षें फवारलें जात असे. तेथें १९७१ सालीं त्यास न जुमानणारे जिवाणू आढळले, व अशा जिवाणूंत तोच ४३ व्या जागेचा फेरफार सांपडला. याखेरीज औषध निकामी करणारीं पानें एक जिवाणू दुसऱ्यास उसनीं देऊं शकतो, मग तो दुसऱ्या जातीचा कां असेना. शेतांत तयार झालेला असा लेख शेतांतच राहील, याची शाश्वति देतां येत नाहीं.

आणि हींच औषधें माणसांचीं आहेत. स्ट्रेप्टोमायसिन हें अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ यांनीं १९४३ सालीं मातींतील एका जिवाणूपासून मिळविलें. क्षयाच्या जिवाणूवर चालणारें तें पहिलें खात्रीचें औषध. त्यापूर्वीं क्षय झालेल्या माणसास चांगली हवा व चांगलें अन्न यांपलीकडे वैद्याजवळ फारसें कांहीं नसे. टेट्रासायक्लिनच्या कुळांतील डॉक्सिसायक्लिन तर आपणां कोंकणांतल्यांस अधिकच जवळचें. लावणीच्या चिखलांत उघड्या पायांनीं उभें राहणाऱ्यास उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो व वेळेवर उपाय न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. त्यावर डॉक्टर जीं औषधें देतात त्यांत हें एक प्रमुख आहे. ज्या खाचरांत तो ताप लागण्याचें भय, त्याच खाचरांत त्याच कुळाच्या औषधाची धार आपल्या हातानें बोथट करावी, हें शहाणपणाचें नव्हे. हें जाणूनच केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें आदेशाचा मसुदा प्रसिद्ध करून, शेतीसाठीं या जोडीची आयात व उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून आणि वापर १ जानेवारी २०२४ पासून सर्वस्वी बंद करावा, असें सुचविलें. तेव्हां कोणी दुकानदारानें अशी पुडी पुढें केली, तर तालुका कृषि अधिकाऱ्यांस विचारल्याखेरीज ती घेऊं नये, हा उत्तम मार्ग.

मग करावें काय

कडा करप्याशीं खरा सामना फवारणीच्या पंपानें होत नसून बांधावर व बियाण्यांत होतो. पुढील गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

१. बियाणें निरोगी शेतांतलेंच राखावें. रोगट खाचरांतील दाणा, तो कितीहि भरलेला दिसो, पेरणीस ठेवूं नये.

२. रोप उंच झालें म्हणून लावणीच्या वेळीं शेंडे खुडण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, ती सोडावी. प्रत्येक खुडलेला शेंडा जिवाणूस उघडा दरवाजा आहे.

३. नत्रखत एकदम ओतूं नये. युरियाच्या भारानें पानें गर्द हिरवीं, लुसलुशीत होतात व रोग त्यांवर अधिक पसरतो. नत्र दोन-तीन हप्त्यांनीं द्यावें, पालाशाचा वांटा चुकवूं नये, व रोग दिसूं लागला असतां पुढचा हप्ता थांबवावा.

४. आपल्याकडे पाणी एका खाचरांतून दुसऱ्यांत उतरतें. रोग दिसलेल्या खाचराचें पाणी निरोगी खाचरांत जाऊं देऊं नये. त्यास वेगळी वाट काढून द्यावी. पेणच्या खारेपाटांत व सखल जमिनींत पाणी तुंबून राहतें, तेथें या गोष्टीस शेजाऱ्या-शेजाऱ्यांनीं मिळून लक्ष घातलें तरच उपयोग.

५. रोह्याकडे डोलवहाळच्या कालव्यावर उन्हाळी भात होतें. दोन पिकांमध्यें शेतांत धसकटें, पडीचें रोप व बांधावरील गवत राहिलें, तर जिवाणूस एका हंगामांतून दुसऱ्यांत जाण्यास पूल मिळतो. तीं काढून शेत स्वच्छ ठेवावें. दंव किंवा पाऊस पात्यावर असतांना रोगट शेतांतून उगाच फिरूं नये. हातपाय व कोयते यांबरोबर रोग चालतो.

६. रोगास दाद न देणाऱ्या जातींची चौकशी करावी. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासून चालूं आहे व दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून. आपल्या जमिनीस कोणती जात चालेल तें तेथें सांगतात.

या शेवटच्या मुद्द्यावर दोन शब्द अधिक. एका आफ्रिकन रानटी भाताच्या दप्तरांत एक पान असें आहे कीं, त्याची नक्कल वाचून रायबोसोम एक पहारेकरी प्रथिन तयार करतात. तें पेशीच्या आवरणांत उभें राहतें, कडा करप्याच्या जिवाणूची खूण ओळखतें व रोपास सावध करतें. हें पान शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं वेगळें करून वाचलें. संकर करून तें लागवडीच्या भातांतहि आणतां येतें. हैदराबादच्या संस्थांनीं २००८ सालीं दिलेल्या सुधारित सांबा मसुरी या जातींत हें पान व आणखी दोन अशीं तीन एकत्र आहेत, कारण एकच पहारेकरी असेल तर जिवाणू केव्हां तरी त्यास चकविण्याची वाट काढतो. तिघांस एकदम चकविणें कठीण.

तात्पर्य, पुडींतील औषध शत्रूच्या कारकुनाचा हात धरतें. पण तो कारकून एका अक्षराच्या फेरफारानें सुटूं शकतो, आणि सुटला म्हणजे शेतकऱ्याचें पीक व आजाऱ्याचें औषध हीं दोन्हीं एकदम जातात. उलट चांगल्या जातीचें बीं पेरणें म्हणजे आपल्याच रोपाच्या कारकुनांस उपयोगाचें पान वाचावयास देणें होय. त्यास दर आठवड्यास पंप पाठीवर घ्यावा लागत नाहीं व शेजाऱ्यासहि त्याचा उपसर्ग नाहीं. यंदाच्या बियाण्याची निवड करण्यापूर्वीं सभासदांनीं आपापल्या खाचरांत गेल्या हंगामीं रोग कोठें दिसला, पाणी कोणत्या बाजूनें आलें व बियाणें कोठलें होतें, याची चार ओळींची टांचणी करावी व संस्थेच्या पुढील बैठकीस ती बरोबर आणावी. शेजारच्या दहा खातेदारांच्या टांचण्या एका ठिकाणीं मांडल्या, तर रोग कोणत्या बांधावरून उतरतो तें नकाशाप्रमाणें स्पष्ट दिसेल, आणि पाण्याची वाट बदलण्याचें काम कोणी कोठें करावयाचें तेंहि तेथल्या तेथें ठरवितां येईल.